बाबुलालचाचांचा सरदार

शिरूरच्या बाजारपेठेत खोटं बोलणाऱ्यांना तोटा नाही. पण बाकीचे पोटासाठी बोलतात. कुणी कांद्याच्या प्रतीबद्दल, कुणी बांधाच्या हद्दीबद्दल, कुणी मुलीकडचे आले की पोराच्या पगाराबद्दल. बाबुलालचाचा मणियार मात्र निव्वळ हौसेनं बोलायचे. त्यातून त्यांना कधी काही मिळालं नाही, उलट ऐकणाऱ्याला चहा पाजावा लागायचा. बांगड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि श्रोते जास्त, हे मी लग्न होऊन न्हावऱ्याहून इथं आले तेव्हापासून बघतेय.

माझं फॉल-पिकोचं दुकान बरोबर त्यांच्या दारासमोर. मशीनवर बसलं की नजर दुसरीकडे न्यायची म्हटली तरी जात नाही. त्यामुळे त्या घराबद्दल मला जे माहीत आहे ते कुठल्या पुस्तिकेत नाही, आणि पुस्तिकेत जे छापलंय त्याचा जन्म माझ्या डोळ्यांदेखत झालाय.

घर देखणं आहे, त्यात वाद नाही. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर भाजक्या विटांच्या हातभर जाड भिंती, पुढे सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर कोरलेली केळफुलं आणि रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा. ओटा इतका उंच, की बैलगाडीतून उतरणाऱ्या बाईचा पाय मातीला न लागता थेट ओट्यावर यावा. मागे एक बिनखिडक्यांची खोली आहे, वर नुसते झरोके. तिला अजून लोकरीची खोली म्हणतात.

त्या खोलीचं कारण मला तात्याबांनी सांगितलं. तात्याबा कवठे येमाईचे धनगर. मेंढरं त्यांच्या वडिलांबरोबरच गेली, ते स्वतः उसाला पाणी देत म्हातारे झाले, पण बाजारच्या दिवशी या ओट्यावर टेकल्याशिवाय त्यांचा बाजार पुरा होत नाही. "आमच्या बाया लोकर घिऊन यायच्या," ते म्हणाले. "हितं बसून बांगड्या भरायच्या आन् लोकर मागल्या खोलीत टाकून जायच्या. मणियार ती घोंगडीवाल्यांना इकायचा. त्या लोकरीतनं खांब आलं, सज्जा आला. ह्यी माडी आमच्या बायांच्या मनगटावर हुबी हाय, पोरी."

घरचा इतका चांगला, खराखुरा इतिहास. पण बाबुलालचाचांना तो अळणी लागायचा. बांगड्या, लोकर आणि धनगरणी! त्यात तलवार कुठं आहे? घोडा कुठं आहे? शेजारच्या सावकाराच्या घराला निदान एक खून तरी होता.

अशात एके दिवशी जिल्हा वारसा जतन समिती नावाचं काहीतरी पेठेत उगवलं. त्यातले इंद्रजीत साहेब गळ्यात कॅमेरा घालून जुन्या घरांचे फोटो काढत होते. सावकाराच्या घराचे त्यांनी पुढून, मागून, बाजूनं फोटो काढले, आणि मणियारांच्या घराचा एकच काढून ते चालायला लागले. मी समोरून बघत होते. चाचांची उजवी भुवई वर गेली. ही भुवई वर गेली की समजायचं, आत काहीतरी जन्माला येतंय.

"साहेब," चाचा म्हणाले, "जिना न्हाई बघितला व्हय?"

आता तो जिना. लोकरीच्या खोलीच्या भिंतीला चिकटून, दोन भिंतींच्या बोळकांडीत घुसवलेला, अंधारा आणि आडवा माणूस अडकेल इतका अरुंद. एकेक पायरी गुडघ्याएवढी. वर पोचता पोचता डोक्याला तुळई लागते ती वेगळीच. चाचांनी साहेबांना तो दाखवला आणि सांगितलं, की हे घर मुळात एका सरदाराचं. शत्रू चालून आला तर एकावेळी एकच माणूस वर यावा, तोही मान खाली घालून, म्हणजे वरच्याला तलवार चालवायला सोपं. म्हणून जिना असा.

"कोणते सरदार?" साहेबांनी वही काढली.

"नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई," चाचा गंभीरपणे म्हणाले.

साहेबांना ते फार आवडलं. नाव न घेण्याइतका मोठा सरदार म्हणजे काय, विचारूच नका. वर्षभरात घर संरक्षित झालं. घराला खिळासुद्धा ठोकायचा नाही असा नियम सांगणारी निळी पाटी त्यांनी दारावरच्या कोरीव पट्टीत चार स्क्रू पिळून बसवली. ओट्यावरची ताडपत्री काढायला लावली, कारण ती त्या काळाला शोभत नव्हती. गिऱ्हाईक उन्हात बसू लागलं, पण इतिहासाला सावली लागत नाही. चाचा महिनाभर इस्त्रीचे कपडे घालून त्या पाटीखाली बसत होते, आणि आम्हा शेजाऱ्यांना घरात भाडेकरू असल्यासारखं बघत होते.

या सगळ्यात सरदारांना बळी पडलेलं पहिलं माणूस म्हणजे आमची खुर्शिदचाची.

खरं तर दुकान तिचं. चाचा गोष्टी सांगायचे, बांगड्या ती भरायची. लग्नाआधी आई मला न्हावऱ्याहून इथंच घेऊन आली होती, माझा चुडा तिनं भरलाय. हात असा मुठीत घेते, अंगठा आत दुमडते, आणि आपण "आई गं" म्हणायच्या आत बांगडी मनगटावर. बांगडी भरताना वाढवली, म्हणजे फुटली, तर ती मणियाराच्या खाती, हा त्यांचा धर्म. पण चाचीच्या हातून वाढलेली मी क्वचितच पाहिली. पेठेतल्या कुठल्याही पोरीचं लग्न ठरलं की आई तिला घेऊन या ओट्यावर यायची, चाची तिच्या मनगटात हिरवा चुडा भरायची आणि दोन्ही तळवे तिच्या डोक्यावर ठेवून पुटपुटायची. हिंदूची पोर असो की मुसलमानाची, दुआ तीच.

तिचे गुडघे गेले. शुगर आणि हृदय दोन्ही असल्यामुळे डॉक्टरांनी ऑपरेशनला हात लावला नाही, नुसतं बजावलं, की जिना चढायचा नाही. चाची त्या वेळी वरच होती. चूल वर, न्हाणी वर, संडास वर, मागच्या सज्ज्याला लागून. पूर्वी परसात एक होता, पण परस वाटणीत चाचांच्या चुलतभावाकडे गेलं. आता चाची एकदा खाली उतरली तर वर जाता येणार नाही, आणि खाली राहावं तर पोटाची सोय नाही. मग ती वरच राहिली. वर्ष उलटलं, दुसरं चालू झालं.

ती सज्ज्यात खुर्ची टाकून बसायची. खाली चाचा बांगड्या भरायला बसत आणि रोज दोनचार वाढवत. चाची वरूनच मनगट बघून ओरडायची, "तिला दोन-चारचं माप नगं वो, दोन-सहा द्या! हात मोडता का पोरीचा?" गिऱ्हाईक वर मान करून हसायचं. पहिल्यांदा मीही हसले. नंतर मला त्या सज्ज्याकडे बघवेना. ज्या बाईनं अख्ख्या पेठेच्या पोरी सासरी धाडल्या, ती आता पिंजऱ्यातल्या राघूसारखी वरून बोलत होती, आणि खाली तिचा नवरा पुण्याच्या पाहुण्यांना जिन्याची शौर्यगाथा सांगत होता. मला त्यांचा राग यायचा. अजून थोडा आहे.

मी एकदा तोंडावर म्हटलं, "चाचा, खाली एक संडास बांधा की. लोकरीची खोली रिकामीच हाय."

"परवानगी मागितलीय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यापुढे काही जोडलं नाही.

परवानगी आली नाही. समितीचं म्हणणं, मूळ वास्तूत नसलेली सोय करता येणार नाही. म्हणजे सरदार घरात राहिले, लढले, शत्रूंची मुंडकी उडवली, पण त्यांना कधी जावं लागलं नाही. जिन्याला धरायला दांडा लावू का, असंही चाचांनी विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं, की जिना हेच या वास्तूचं वैशिष्ट्य, त्याला हात लावता येणार नाही.

दरम्यान मेहकचं लग्न ठरलं. मेहक त्यांची एकुलती एक, उशिरा झालेली. मुलगा मुजीब, दौंडचा, रेल्वेत. चाचांनी सुचवलं, की चुडा वरच भरू, नाहीतरी आई वर, पोरगी वर. चाचीनं भाकरी थापता थापता हात थांबवला. "समद्या गावच्या पोरींचा चुडा म्या वट्यावर भरला, चार बायांत. आन् माझ्या पोरीचा कोपऱ्यात भरू? तिनं काय चोरी केलीय?"

तेव्हा चाचा खरं बोलायला गेले. माणूस किती टेकीला आला असेल बघा. तात्याबांना साक्षीला घेऊन एसटीनं पुण्याला समितीच्या कचेरीत गेले. तिथलं सगळं मला तात्याबांनी सांगितलं, म्हणून ते खरं आहे.

चाचा म्हणाले, "साहेब, सरदार-बिरदार कोन न्हवता. जिना माझ्या बापानं बहात्तरच्या दुष्काळात बांधलाय. आधी मागल्या अंगाला लाकडी जिना व्हता, चांगला रुंद. दुष्काळात त्यो इकला. मांडवगणच्या गवंड्याला बाप म्हनला, दुकानाची जागा खाऊ नगं, कसाबी बसव. त्येनं कसाबी बसवला."

"म्या सोता दगड दिलंत उचलून," तात्याबा म्हणाले.

इंद्रजीत साहेब प्रेमानं हसले. आपल्या लोकांना आपल्या वारशाची किंमत नसते, हा त्यांचा आवडता विषय होता. त्यांनी कपाटातून गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली. तीत जिन्याचा पानभर फोटो, खाली संरक्षक स्थापत्याचा दुर्मीळ नमुना वगैरे मजकूर, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की ही माहिती स्थानिक परंपरेतून मिळाली. स्थानिक परंपरा समोरच्या खुर्चीत घाम पुसत बसली होती. साहेबांनी तिला समजावलं, की परंपरा अशी एका माणसाच्या सांगण्यावरून रद्द होत नसते.

 

दुसऱ्या दिवशी सकाळी, पेठ भर चालू असताना, चाचांचा पुतण्या अक्रम पाईप आणि ड्रिल मशीन घेऊन आला. अक्रम प्लंबर आहे. चाचांनी दुकानाचा पडदा बाजूला केला आणि त्याला लोकरीच्या खोलीत नेलं. "मागल्या दारानं करू का, चाचा? गुपचूप?" अक्रमनं विचारलं. "मागलं दार हाय कुठं आपल्याला," चाचा म्हणाले. "पुढनंच कर." ज्या घरात खिळा ठोकायला बंदी, तिथे आठवडाभर ड्रिल वाजत होतं, आणि बाजारपेठेतल्या एकाही माणसाला ते ऐकू आलं नाही. आम्ही सगळे एकदम बहिरे झालो होतो. चाचांनी कमोड बसवला, कारण गुडघे. भिंतीला धरायला दोन्ही बाजूंनी स्टीलचे दांडे बसवले. फरशी गुलाबी आणली. ती भयंकर दिसते, पण चाचीचा आवडता रंग गुलाबी आहे, हे तीस-पस्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून मला कधी कळलं नव्हतं.

चुडा भरायच्या दिवशी चाची खाली उतरली. उभ्यानं नाही, बसत बसत. एका पायरीवर टेकायचं, पाय खाली सोडायचे, हातांवर भार घ्यायचा, मग पुढची पायरी. चाचा तिच्या खालच्या पायरीवर, तोंड तिच्याकडे करून, पाठमोरे उतरत होते, म्हणजे ती घसरलीच तर त्यांच्या अंगावर पडावी. मी खाली बॅटरी धरून उभी होते.

"बापानं तुमच्या काय सूड उगवला का वो?" वरून चाचीचा आवाज.

"दम धर. हात हितं ठिव."

"आन् तुमचा त्यो सरदार. बायको व्हती का न्हवती त्येला?"

"न्हवती," चाचा म्हणाले. "आसती तर आसला जिना बांधला आसता का?"

ती हसली, आणि हसताना रडली. मध्ये एकदा तिनं थांबून भिंतीला कपाळ टेकलं. खाली पोचली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. चाचांच्या सदऱ्याची बाही तिच्या मुठीत होती, ती तिनं ओट्यावर बसेपर्यंत सोडली नाही.

मग तिनं मेहकचा चुडा भरला, भर पेठेत, चार नव्हे चाळीस बायकांत. तात्याबांची बायको रतनबाई घोंगडी घेऊन आली होती. मणियाराच्या पोरीला धनगरांकडून घोंगडी जाते, अशी त्यांच्यात जुनी रीत. त्या दिवशी एकही बांगडी वाढली नाही. मेहक दौंडला गेली, आणि चाची खालीच राहिली. दुकानात कॉट टाकली, बांगड्यांचे रिकामे खोके माळ्यावर गेले, आणि धंदा पुन्हा बरा चालायला लागला, कारण दोन-सहाच्या हाताला दोन-चार देणारा माणूस आता चहा करत होता.

एका रविवारी इंद्रजीत साहेब वारसा फेरी घेऊन आले. टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या लटकवलेली पुण्याची मंडळी. साहेब जिन्याबद्दल बोलत बोलत दुकानात शिरले, लोकरीच्या खोलीचा पडदा त्यांनी मोठ्या ऐटीत बाजूला केला, आणि आतून स्टीलचा दांडा धरून, हळूहळू, आमची चाची बाहेर आली. मागे गुलाबी फरशी झळकत होती. फेरीतल्या एका बाईनं सवयीनं फोटो काढला.

साहेब लालबुंद झाले. मंडळींना त्यांनी केळफुलं बघायला बाहेर पाठवलं आणि चाचांना ओट्याच्या कोपऱ्यात घेतलं. म्हणजे माझ्या मशीनपासून चार हातांवर. आधी ते ओरडले. मग त्यांचा आवाज उतरला, कारण घर त्यांच्या देखरेखीखालचं आणि पुस्तिका त्यांच्या नावाची.

"बाबुलालजी, असं करू," ते म्हणाले. "इथं खोदताना जुनं काही सापडलं असेल ना? एखादा जुना शौचकूप? तुम्ही फक्त सांगा, की मूळ जागी होताच, तुम्ही नुसती डागडुजी केली. सरदारांच्या काळातला. मी तसं नोंदवतो. स्थानिक परंपरा म्हणून."

मी मशीन थांबवलं. चाचांची उजवी भुवई वर गेली. मी त्यांना ओळखते, गोष्ट तयार होती. सरदाराच्या गुडघ्यात लढाईत गोळी लागली असणार, म्हणून हकिमानं सांगितलं असणार, गुलाबी फरशी थेट इराणातून आली असणार. ओठसुद्धा हलले. मग त्यांनी कॉटवर बसलेल्या चाचीकडे बघितलं. ती मान खाली घालून बांगड्यांचे गठ्ठे बांधत होती. आयुष्यभर ती या माणसाच्या गोष्टी अशीच मान खाली घालून ऐकत आली होती.

भुवई खाली आली.

"न्हाई साहेब," चाचा म्हणाले. "सापडलं-बिपडलं काय न्हाई. ह्यो नवा हाय. म्या बांधलाय, माझ्या बायकूसाठी. जिना घ्या सरदाराच्या नावावर, समदं घर घ्या. ह्येच्यावर दुसऱ्या कुनाचं नाव लावायचं न्हाई."

"अहो, मला नोटीस काढावी लागेल!"

"काढा की."

नोटीस आली. खरं बोलणाऱ्याच्या घरी ती वेळेवर पोचते. तिच्यावर तारखा पडतायत, सुनावण्या होतायत, अक्रम म्हणतो वकील बरा आहे. संडास अजून जागच्या जागी आहे. उद्या तोडायला लावला तर चाचीला परत त्या जिन्यानं वर चढवायचं कसं, हे समितीला कुणी विचारलेलं नाही आणि आम्हालाही माहीत नाही.

नोटीस आली त्या दुपारी चाचीनं मला हाक मारली. तिला उर्दू वाचता येतं, आणि सरकारी मराठी वाचायला घरात मेहक उरली नव्हती. मी ओट्यावर बसून वाचायला लागले. अनधिकृत बांधकाम, अमुक कलम, तमुक दंड. चाची बांगड्या पुसत ऐकत होती, फारसं लक्ष नव्हतं. मग ते वाक्य आलं, की सदर बांधकाम आपण स्वतः, आपल्या पत्नीकरिता केल्याचे समक्ष मान्य केले आहे.

चाचीचा हात थांबला.

"काय म्हनलीस? कुनाकरिता?"

"पत्नीकरिता. बायकोसाठी."

आत चाचा चहाच्या भांड्यांचा उगाच आवाज करत होते. चाचीनं हातातलं फडकं खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर नीट केला.

"सरकारनं लिव्हलंय तसं?"

"व्हय. सही-शिक्क्यासकट."

"परत वाच," ती म्हणाली. "तेवढंच वाच. जरा मोठ्यांदा."

मी परत वाचलं.